नातं जुळेना

३ नोव्हेंबर, सोमवार

बढती! आजपासून मी 'नाते-व्यवस्थापन प्रमुख'. शालूला सांगितलं तर हसून हसून खाटेवर आडवी. "तुम्ही? माझ्या भावाच्या साखरपुड्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले तुम्ही?" बायको असावी तर अशी!

असो. काम असं — कोण कुणाचं काय लागतं, हे ब्लॉकचेनवर चढवायचं. म्हणजे एकच नोंद असंख्य ठिकाणी. एकदा चढली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. नियम मी बसवले. दोघांनी आपापल्या फोनवर, एकमेकांना न विचारता, यादीतलं नातं निवडायचं. कुणी काय निवडलं ते कुणालाच दिसत नाही, आम्हालाही नाही. जुळलं की नाही, एवढंच कळतं. तीनदा जुळलं नाही तर वर्षभर दार बंद. आमचे मालक प्रणयसाहेब म्हणाले, "क्या दिमाग पाया है, आदिनाथ!" छावणीतल्या ऑफिसापासून हर्सूलच्या घरापर्यंत शीळ वाजवत आलो.

५ नोव्हेंबर

मावशीचा गुडघा पार गेला. मेंढरांमागं चालून चालून दुसरं काय होणार! डॉक्टर म्हणतात, बदलायचाच, आणि लवकर. कंपनीचा कुटुंब-विमा आहे, पण आता विम्यालाही नातं आमच्याच ॲपवरून लागतं. सोपंय! गावाकडं, पाचोडला, तिच्या फोनवर विनंती पाठवली. तिला वाचायची अडचण नाही, ॲप यादी बोलून दाखवतं.

मी 'सावत्र आई' निवडलं. कागदोपत्री तेच आहे. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. वडिलांनी, म्हणजे दादांनी, आईच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. ती आधीही मावशी होती, नंतरही मावशीच राहिली.

६ नोव्हेंबर

जुळलं नाही.

प्रमुखांच्या घरातलंच जुळलं नाही! आधी सर्व्हर तपासला. मग नेटवर्क. मग पाचोडच्या टॉवरला शिव्या घातल्या. सगळं ठणठणीत.

शालू म्हणाली, "एक फोन लावा अन् विचारा, काय निवडलं म्हणून." म्हटलं, नियमात बसत नाही. तिनं माझाच फोन माझ्या हातात ठेवला. मलाही कळतं, नियमाचं निमित्त आहे. तिनं 'बहिणीचा मुलगा' निवडलं असेल तर? मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आई, सावत्र आई, मावशी — तिन्ही खरंच आहेत! आणि दोन माणसांत नातं एकच असतं, असं यंत्राला शिकवणारा शहाणा कोण? मीच.

दिवाळी सरली की दादा मेंढरं घेऊन लांब निघायचे. सगळ्यांच्या बाया बरोबर जायच्या. मावशी मागं राहायची, माझी शाळा बुडू नये म्हणून. गावातल्या बाया तिला नावं ठेवायच्या. मला तेव्हा तिचा राग यायचा, कारण मला मेंढरांबरोबर जायचं असायचं.

संध्याकाळी 'आई' निवडलं. बटण दाबताना डोळे मिटून घेतले. चौतिशीचा घोडा मी!

१० नोव्हेंबर

जुळलं नाही.

११ नोव्हेंबर

म्हणजे तिच्या लेखी मी मुलगा नाहीच. वाईट वाटलं. फार वाटलं.

दुपारी पुण्याच्या पाहुण्यांसमोर 'विश्वासार्ह नाती' या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या. मग जिन्यात जाऊन रडलो. वॉचमनला सांगितलं, सर्दी झालीय.

१३ नोव्हेंबर

मावशीचा फोन. शेळी व्यालीय, दोन करडं, एक लई वांड. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "गुडघ्याचं ऱ्हाऊ दे रं. चालतंय माझं." फोन ठेवताना ती कण्हली, ते ऐकू आलं.

संधी एकच उरलीय. ती गेली तर वर्षभर ती अशीच लंगडणार, आणि ते माझ्या नियमामुळं. शाबास, प्रमुखसाहेब!

१५ नोव्हेंबर

नियम गेला खड्ड्यात. उद्या पाचोड.

१६ नोव्हेंबर, पाचोड

ओसरीत बसून विचारलंच. ती करडाच्या पाठीवर हात फिरवत होती, माझ्याकडं बघितलं नाही.

"पयल्यांदा मुलगा निवडलं. मोबाईल म्हनला, जुळत नाय. मला वाटलं, तुला पटत नसंल. मग तू मावशी म्हनतोस ना, म्हनून दुसऱ्यांदा बहिणीचा मुलगा निवडलं. त्ये बी चुकलं व्हय?"

"आई —" म्हणालो. फोन तिच्यापुढं धरला, तिसऱ्यांदा निवडायला.

तिनं तो बाजूला सारला. "थांब जरा. पुन्यांदा म्हन."