पिवळ्या रेघा

शनिवार, अंबड. खोलीवर.

जेवलो नाय अजून. आधी हे लिहितो. देवरे मिस्त्रींना आज शेठनी कामावरून काढलं. मीच काढायला लावलं.

शेठची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळते. म्हणून तिचा एकेक नट आवळला की नटावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक सलग रेघ मारायची. रेघ दिसली की परत कोणी पाना लावत नाय. मिस्त्रींची रेघ पिवळी. सकाळी गाडी पुसताना पुढच्या चाकाचा नट माझ्या बोटानंच फिरला. दुसरा पण. पाचही ढिले, अन् वर रेघा ताज्या! म्हाताऱ्यानं आधी रेघा मारल्या, आवळायचं विसरला.

तेव्हाच सांगायचं होतं का? नाय सांगितलं. नट फिरवून पिवळ्या रेघा परत जुळवून ठेवल्या. गावाकडनं आलो तेव्हापासून सहा महिने मिस्त्रींच्या तोंडून रोज ऐकतोय, "सुरगाण्याचं पार्सल! जीपच्या टपावर बसून आलं, डोकं तिकडंच राहिलं."

शेठ हेल्मेट घालून गाडीत बसले, तेव्हा म्हणालो, "शेठ, एक मिनिट." सगळ्यांसमोर दोन बोटांनी नट काढला अन् मिस्त्रींच्या हातात ठेवला. "मामा, रेघ लय सरळ मारलीय तुम्ही." सगळे हसले. शेठ नाय हसले.

जाताना मिस्त्री माझ्याजवळ आले. "पोरा, माझ्या हातनं माणूस मेला असता आज. तू वाचवलंस." मग म्हणाले, "कधी दिसलं रे तुला?"

"आत्ताच, मामा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.