पाळकसाहेबांच्या प्रार्थनेविषयी माझा संशय

मी, श्रीमती श्यामला रंगराव भांबळ, वय ७४, निवृत्त परिचारिका, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे येऊन गेले, चहा पिऊन गेले.

१. सोन्याची साखळी व शिलाई मशीन भाची अपेक्षा हिला. ती हिंजवडीला कंपनीत आहे. फोनवर तब्येतीच्या आधी "मावशी, फ्लॅटचं काय ठरलं?" असे विचारते. फ्लॅट तिला नाही.

२. फ्लॅट आमच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, पाळकांच्या निवासासाठी. पुढे कोणी "बाईंना भुरळ घातली" म्हणू नये, म्हणून कारण नोंदवते.

आमचे पाळक शुभंकर रणपिसे संगणकाची नोकरी सोडून सेवेत आले. माइकवर त्यांची प्रार्थना फार गोड. गोड औषधावर नर्सचा विश्वास नसतो. मंडळी वाघोलीच्या मोठ्या हॉलमध्ये हलवायचा त्यांनी घाट घातला, तेव्हा सभेत मी विचारले, "अहो, यासाठी आपण प्रार्थना केलीत का?"

"बाई, सगळा सर्व्हे झालाय," ते म्हणाले. लोक हसले. मी हसले नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी ते एकटेच माझ्या दारात. मला वाटले, फ्लॅटचा वास लागला. पाणीही न पिता म्हणाले, "बाई, वर्ष झालं, मला एकट्याला प्रार्थनाच होत नाही. समोर लोक असले की शब्द येतात. एरवी आत काहीच नसतं."

नाटक असेल, असे मनात आले. तरी म्हटले, "मग बोलू नका. बसा."

आतल्या लहान खोलीत ते बराच वेळ गप्प बसले, मग रडले. रडणेही मी पारखून घेतले. नाक पुसायचे भान नव्हते, खरे होते.

रविवारी त्यांनी हेच मंडळीला सांगितले. "प्रार्थना न करता मी तुम्हाला कुठे नेणार?" म्हणून हॉलचा बेत थांबवला. काही कुटुंबे सोडून गेली. कमिटीत त्यांना काढायचा ठराव आला. मी विरोधात हात वर केला, ठराव पडला. तेव्हापासून रोज सकाळी ते त्या खोलीत येऊन बसतात.

३. ती खोली प्रार्थनेसाठीच राहावी. संगणक, कपाट, ऑफिस नको. पाळक कोणीही असो, आधी तिथे एकट्याने बसावे, मग लोकांपुढे बोलावे.

४. व्यवस्था मैत्रीण शालू साळवे हिने पाहावी. पाळक आत असताना दाराला कोणीही कान लावू नये. मी एकदा लावला. ते माझ्या गुडघ्यासाठी देवाला विनवत होते. गुडघ्याचे मी फक्त शालूला सांगितले होते. तिच्यावर माझा संशय आहे.

सही: श्यामला रं. भांबळ

साक्षीदार, ज्यांना यातून काहीच मिळणार नाही म्हणून निवडले:
महिपती उजगरे, शेजारी
डॉ. भाग्यश्री केळकर

पुणे, १४ सप्टेंबर २००६