धाकटीच्या गाडीतली मोटर

आई, धाकटीची गाडी बंद पडली होती. काही दिवस ती माझ्या दौंडच्या गॅरेजात उभी होती आणि तेवढ्यात तुला सांगण्यासारखं इतकं साचलं, की आज दुपारी शटर अर्धं ओढून कागद घेऊन बसलोय. आधी गाडीच समजावून सांगतो, कारण यंत्र समजल्याशिवाय तू पुढचं ऐकायची नाहीस. हिला हायब्रीड म्हणतात. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि शिवाय मोटर आहे, तू वाइंडिंग करायचीस त्या विहिरीवरच्या मोटरींचीच बहीण म्हण. तशाच लोखंडाच्या खाचा, खाचांत बसवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी, वरून वॉर्निश. गाडी जागची हलते ती मोटरीवर, वेग आला की इंजिन हाताशी येतं, आणि ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी वीज करून मागच्या सीटखालच्या मोठ्या बॅटरीत भरते. तू ‘व्हय का?’ म्हणून भुवई वर केली असतीस. मीही केली होती. कुठल्या कोर्सला गेलो नाही, पुस्तकं मागवली, भंगारातून एक जुनी मोटर आणून फोडली आणि शिकलो. शिरूरपासून इकडे कुरकुंभपर्यंत ही गाडी उघडायला दुसरा कुणी धजत नाही. हे मी तुझ्यापाशी नाही सांगणार तर कुणापाशी?

धाकटी शिरूरला नर्स आहे, तुला ठाऊक नाही. तिच्याच डॉक्टरांची ही जुनी गाडी तिनं घेतली. त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, “दादा, गाडी मेली.” म्हटलं, “मेली म्हणू नकोस. दिवे लागतायत का?” म्हणाली, “लागतायत की. नाताळासारखे सगळे.” म्हटलं, “मग रुसलीय. टेम्पोवर घालून पाठव.” डॅशबोर्डवर पिवळा त्रिकोण लागला होता आणि ‘रेडी’ हा हिरवा शब्द काही केल्या उमटत नव्हता.

मी कधी थेट मोठ्या दुखण्यावर उडी घेत नाही. आधी डिकीतली लहान बॅटरी बघितली, आपल्या साध्या गाडीत असते तीच. मोठी बॅटरी कितीही दणकट असो, तिला जागं करते ही लहान, आणि निम्म्या गाड्या हिच्यापायीच अडतात. ती ठणठणीत होती. मग मागच्या सीटशेजारची जाळी काढली. तिथून पंखा मोठ्या बॅटरीला गार हवा देतो आणि त्या जाळीत केस, धागे, बिस्किटाचा चुरा असं सगळं घर साठतं. दोष तिथे नव्हता, तरी झटकून धुऊन लावली. मग स्कॅनर जोडला. त्यानं सांगितलं, उच्च दाबाची वीज कुठेतरी गाडीच्या बॉडीत झिरपतेय. गाडी शहाणी असते. वीज गळती आहे म्हटल्यावर ती स्वतःच चालायला नकार देते.

आता इथून पुढे नारिंगी वायरी. त्यांना हात लावायचा तर रबरी हातमोजे, तेही फुंकून, भोक नाही ना हे बघून. सीटजवळ एक नारिंगी प्लग असतो, तो ओढला की बॅटरीचा संबंध तुटतो. तो प्लग काढायचा आणि स्वतःच्याच खिशात टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून परत बसवायला नको. पुस्तकात ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकटाच हसलो होतो. तू मोटर तपासायला घेतलीस की बोर्डावरचा फ्यूज उपसून पदराच्या गाठीत बांधायचीस. “लाइट कुनाची न्हाई. फ्यूज आपल्यापाशी पायजे,” म्हणायचीस. प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, आत साठलेली वीज ओसरायला. मी खिशातल्या प्लगवर हात ठेवून स्टुलावर बसतो आणि त्या दहा मिनिटांत मला हटकून आपलं शिरूरचं स्वयंपाकघर दिसतं.

ते दिसतं ते असं. चूल एका अंगाला, आणि दुसऱ्या अंगाला पोत्यावर मोटरीचं पोट उघडं. मोटर-दुरुस्तीच्या दुकानाचा शेठ सायकलवर बांधून मोटरी पाठवायचा आणि तू दिवसभर तार गुंडाळायचीस, ओठ हलत, वेढे मोजत. त्या वेळी तुला हाक मारायची नाही. बाबा दौंडला रेल्वेत, ते शनिवारी यायचे. वेटोळी खाचांत बसवून, सुती पट्टीनं आवळून झाली की वॉर्निशचा डबा उघडायचा. ते थिनरनं पातळ करून ब्रशानं मारायचं, मग पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून मोटर भाजायची. आणि त्याआधी खिडकी बंद. फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. ओल्या वॉर्निशवर धूळ बसली तर ते काम तुझ्या लेखी नापास. शेठला खालीवर कळत नसे, पण तुला कळायचं. त्या बंद खोलीतला तो गोडसर, डोळ्यांना चावणारा वास म्हणजे माझ्या लेखी तू. तुझ्या केसांना तो असायचा, भाकरीलाही असायचा. रविवारी उपासनेला स्वच्छ लुगडं नेसून बसलीस तरी मला शेजारी बसून यायचा. तिथेच मला पहिल्यांदा कळलं, की तू गाण्याच्या मध्येच दम घ्यायला थांबतेस. आधी दोन कडव्यांनंतर थांबायचीस, मग एका कडव्यानंतर. शेवटी तर तुझे नुसते ओठ हलत होते, वेढे मोजताना हलायचे तसे.

तर गाडी. बॅटरी वेगळी केली, एसीचा कॉम्प्रेसर वेगळा केला, एकेक तोडत मेगर लावत गेलो. तुझा मेगर हँडल फिरवायचा होता, माझा आकडे दाखवतो, पण विचारतो तेच, तांबं आणि लोखंड एकमेकांपासून दूर आहेत ना? सगळं साफ निघालं, मोटरीशी आकडा कोसळला. शोरूमचं म्हणणं, अख्खं युनिट बदला. त्यांचं चूक नाही, त्यांना ते उघडायची मुभाच नाही. मी उघडलं. आधी कधीतरी कुणीतरी भलतंच तेल ओतलेलं होतं. त्यानं एका टोकाला वेटोळ्यांवरची पट्टी मऊ होऊन ओघळली होती आणि तिथे तार लोखंडाला टेकू बघत होती. सगळी मोटर उपसायची गरज नव्हती. तूच म्हणायचीस, “दुखतंय तेवढंच उघड.” धुतली, वाळवली आणि तू दिलेल्या बांबूच्या पट्टीनं ती वेटोळी हलके दाबली. ती पट्टी अजून आहे, आई. तू चाकूनं तासून, काचेनं घासून मी सातवी पास झालो तेव्हा मला दिलीस. लोखंडी हत्यारानं तारेचं अंग खरचटतं, बांबूनं नाही. जपानी मोटरीलाही तो चालला. वेटोळ्यांवर नवी पट्टी आवळली, पहिल्यांदा ढिली वाटली म्हणून सोडली, पुन्हा आवळली. मग तेलात टिकेल असं वॉर्निश पुण्याहून मागवलं होतं, त्याचा डबा उघडला.

वॉर्निश नवं, पण थिनरचा वास तोच. मी ब्रश हातात घेऊन नुसता उभा राहिलो. तेवढ्यात धाकटी आली, ड्यूटी संपवून एसटीनं, गाडीचं काय झालं बघायला. आत पाऊल टाकताच नाकाला ओढणी.

“कसला वास हा, दादा? डोकं धरलं.”

“ओळख.”

“मी काय ओळखणार? नेलपॉलिश सांडल्यासारखं वाटतंय.”

“आईला असा वास यायचा.”

तिनं ओढणी खाली केली. तू गेलीस तेव्हा ही रांगत होती. हिच्यापाशी तुझा चेहरा नाही, आवाज नाही, मावशीनं सांगितलं तेवढंच. डोळे मिटून ती डब्यावर वाकली आणि तिनं खोल श्वास घेतला. काहीतरी सापडेल असं तिला वाटलं असावं, मलाही वाटलं. तिला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्याचं. म्हणाली, “नाही रे. काहीच नाही आठवत.”

मग स्टुलावर बसून तिनं विचारलं, “हे ती कुठं मारायची?”

“स्वयंपाकघरात.”

“खिडकी?”

“बंद. ओल्यावर धूळ बसते.”

“आणि मी?”

“तुझी झोळी बाहेरच्या खोलीत. तुला आत आणायची सोयच नव्हती. एकदा तू रडत होतीस म्हणून मी उचलून आणलं, तर केवढी ओरडली माझ्यावर. ‘तिला न्हे आदी. आन् तूबी हो बाहेर. हजारदा सांगितलं तुला.’” मी तुझी नक्कल बरी करतो. तिला हसू येईल असं वाटलं होतं.

ती हसली नाही. डब्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे तिला कळत होतं.”

“काय?”

“हे. दमा दमा म्हणत होते ना सगळे तिला? आता नक्की कोण सांगणार, तेव्हाचे डॉक्टर नाहीत, तपासण्या नाहीत. पण बंद खोलीत, रोज, इतकं थिनर. माझ्याकडं असा पेशंट आला तर मी पहिलं हेच विचारीन, खिडकी उघडी असते का.”

मला राग आला. म्हटलं, “आईच्या कामाला नावं ठेवू नकोस.”

“कामाला नाही ठेवत, दादा. खिडकीला ठेवतेय.”

आई, ‘बाहेर हो’ हे तुझे शब्द मी आजवर वेगळ्याच अर्थानं बाळगले होते. मला वाटायचं, माझा हात तुझ्या कामाला लागण्याइतका स्वच्छ नाही. तू दार लोटायचीस आणि मी पायरीवर बसून आतला ब्रशाचा आवाज ऐकायचो. पुढे जे काही शिकलो ते त्या पायरीवरून उठून शिकलो. कुणी मला बाहेर काढू नये इतकं चोख काम करायचं, हीच जिद्द. माझ्या हाताखालची पोरं म्हणतात, “मालक, एवढं कोन बघतंय?” मी म्हणतो, मी बघतोय. आणि तू आत काय करत होतीस? काम चोख व्हावं म्हणून खिडकी लावत होतीस आणि आम्ही वाचावं म्हणून दार लोटत होतीस, आणि त्या दोन्हीच्या मध्ये स्वतः बसत होतीस. तेव्हा तुला कुणी बाहेर हो म्हटलं नाही. बाबा शनिवारी यायचे, शेठला मोटर हवी असायची, आणि मला तर तो वास आवडायचा.

धाकटीनं पर्समधून मास्क काढून माझ्या बाकावर ठेवला, दवाखान्यातला जाड. शटर पार वरपर्यंत ढकललं. मी म्हटलं, “समोर कुरकुंभचे ट्रक चाललेत. धूळ बसेल.” म्हणाली, “बसू दे,” आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून निघून गेली.

वॉर्निश मारलं. धूळ बसली. भाजून झाल्यावर बोट फिरवलं तर अगदी बारीक खरखर लागते. तू ते सगळं तासून परत करायला लावलं असतंस. मेगरनं मात्र आकडा दाखवला तो नव्या मोटरीचा. योग्य ते तेल भरलं, खिशातला प्लग काढून बसवला, बटण दाबलं आणि ‘रेडी’ उमटलं. आवाज काहीच नाही, आई. ही गाडी सुरू होते ते कळतच नाही, नुसता हिरवा शब्द. काल धाकटी ती घेऊन शिरूरला गेली. पोचल्यावर तिचा फोन आला. मी म्हटलं, चांगली चालली ना? म्हणाली, एकदम. मग म्हणाली, “मास्क लावला होतास ना?” मी म्हटलं, “लावला होता.”

हा कागद पाठवायचा कुठे? शिरूरच्या दफनभूमीत तुझ्या दगडाखाली ठेवला तर पहिल्या वाऱ्यात उडेल. हातमोज्यांच्या खणात ठेवतो, बांबूच्या पट्टीपाशी.

मास्क लावला होता, शटरही वर केलं होतं हे खरं, पण नंतर. त्या दिवशी ती एसटीकडे जाताना कोपऱ्यावरून वळली तसं मी शटर खाली ओढलं आणि पहिला हात तसाच मारला, नाक उघडं ठेवून, अगदी सावकाश. बाहेर हो म्हणायला कुणी नव्हतं.