सत्तावीस तारखेचा नाताळ

प्रिय ठमे,

ख्रिस्ताची शांती तुझ्याबरोबर असो, आणि तुझ्या चिंगीबरोबर जरा जास्तच, कारण तिला ती तुझ्याहून जास्त लागते. आपलं फोनवरचं बोलणं 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' एवढ्यावर आटोपतं. त्यात तुझा दोष नाही. एकतीस वर्षं 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसलो, जीभ तशीच वळली. म्हणून कागद घेतला. अक्षर खराब रस्त्यासारखं आहे, सांभाळून वाच.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार, नाताळला चारेक आठवडे उरले. पहिली मेणबत्ती लागली. नवे पाळक तरुण आहेत, उपदेश लांबवतात, पण आवाज खणखणीत आहे, त्यामुळे झोप लागत नाही. उपासनेनंतर मंडळीतल्या बायका विचारत होत्या, ठमी येणार का यंदा? मी म्हटलं, तिला रजा मिळत नाही, स्टेशनवर गर्दीचे दिवस. त्यांनी माना हलवल्या. घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत ओट्यापाशी नुसता उभा राहिलो. हेच वाक्य मंडळीतल्या लोकांनी तुझ्या आईच्या तोंडून किती वर्षं ऐकलं असेल, हा हिशेब मी आजवर केला नव्हता.

तू स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतेस, तुला प्रवासी दिसत नाहीत, नुसता कोलाहल ऐकू येतो. मला आरशातून दिसायचे. ड्रायव्हरला सण पंचांगावरून नाही, लोकांच्या सामानावरून कळतो. नाताळच्या आधी प्रत्येकाच्या मांडीवर केकचा डबा. टपावर ठेवू द्यायचे नाहीत, सीटखाली सरकवू द्यायचे नाहीत, तान्ह्या मुलासारखे धरून बसायचे. ईस्टरच्या आदल्या दिवशी फुलांच्या कुंड्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रंका, आणि 'अजून किती लांब' असं दर पाच मिनिटांनी विचारणारी पोरं. आणि नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, हातात फुलं घेऊन चढणारी माणसं. ती दोनच थांबे यायची, कबरस्तानापाशी उतरायची, आणि उतरताना हळू आवाजात आभार मानायची. एरवी बसच्या ड्रायव्हरचे आभार कोण मानतं?

माझा कंडक्टर तुला आठवतो ना, तो मास्तर? पाय पसरून बसलेल्या माणसाला शाळेतल्यासारखा उभा करायचा, म्हणून ते नाव. तो काही आपल्यातला नव्हता. पण दर नाताळला भर गर्दीत मला ओरडून सांगायचा, "अहो, तुमच्या येशूला सांगा, पुढच्या वेळी जरा कमी गर्दीच्या दिवशी जन्म घे म्हणावं!" सगळी गाडी हसायची. मीही हसायचो.

ईस्टरची पहाटेची पहिली गाडी माझी. तू कितीदा रुसलीस त्यावरून, कारण सगळ्यांचे बाबा पहाटेच्या उपासनेला टेकडीवर असायचे. तर ऐक, तुला कधी सांगितलं नाही. मोठा चढ संपतो तिथल्या वळणावर मी दरवर्षी दोन मिनिटं गाडी थांबवायचो. इंजिन तापलंय, असं मास्तरला सांगायचो. समोर सूर्य वर यायचा. एका वर्षी माझ्यामागच्या सीटवर एक म्हातारी होती. सगळी गाडी घोरत होती. सूर्य दिसला आणि ती पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "प्रभू उठला आहे." मी म्हटलं, "खरोखर उठला आहे." मी आपल्यातला आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे. पुढच्या गावात उतरली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्या वर्षी माझी उपासना एवढीच झाली, पण ती पुरली.

आणि आपला जानेवारी! सगळं जग सुट्टी संपवून तोंड पाडून परत यायचं, तेव्हा आपण निघायचो. वर्षातून एकदा मिळणारा कुटुंबाचा पास, तिघांचा. समुद्रकाठचं ते विश्रामगृह, जिथे हंगाम संपला म्हणून खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या असायच्या. मालकीणबाई आपल्याला पाहून दरवेळी दचकायची. "आत्ता आलात? थंडी आहे हो," असं म्हणायची आणि समुद्राकडची सगळ्यात चांगली खोली उघडून द्यायची, कारण बाकी कुणी नव्हतंच. खिडकी लागायची नाही, म्हणून तुझ्या आईने फटीत माझे मोजे कोंबले होते. त्या ओसाड किनाऱ्यावर, नाकाचा शेंडा लाल झालेला असताना, तुझी आई नाताळची गाणी म्हणायची. नऊ जानेवारीला! तू सहा-सात वर्षांची असशील, तिला म्हणालीस, "आई, नाताळ संपला." ती म्हणाली, "आपला नाही संपला. बाबा आता कुठे आलेत."

तिने सणांना असं हवं तिथे ओढून नेलं. सत्तावीस तारखेला आपल्या घरी नाताळ. तारा त्या दिवशी खिडकीत, केक त्या दिवशी, नवा फ्रॉक त्या दिवशी. शेजारच्यांचे तारे उतरत असायचे आणि आपला चढायचा. तू शाळेत भांडून आलीस, येशूचा जन्म सत्तावीसलाच झाला म्हणून. बाईंनी चिठ्ठी पाठवली. ती चिठ्ठी वाचून तुझी आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

आता वळण येतंय, ठमे. ब्रेकवर पाय ठेवून लिहितो.

तुझा दादा तुला फारसा आठवत नाही, आठवायला तू फार लहान होतीस. तो गेला डिसेंबरच्या बावीस तारखेला, तीन दिवसांच्या तापाने. आठ वर्षांचा होता. त्या वर्षीच्या नाताळच्या नाटिकेत तो मेंढपाळ होणार होता, एका ओळीचं गाणं होतं त्याला, आणि ती एक ओळ त्याने महिनाभर घरात म्हणून म्हणून आमचे कान किटवले होते. न्हाणीघरात, जेवताना, जिन्यावर. मी एकदा ओरडलो होतो त्याला, "पुरे की आता!" त्याला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाताळ होता. तो नाताळ कसा गेला ते मला सांगता येत नाही, कारण आठवत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीचा मात्र मिनिट न् मिनिट आठवतो. मला रीतसर रजा होती. आपण तिघं चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर. तू माझ्या मांडीवर. तुझ्या आईने गायनवृंद सोडला होता, ती शेजारी बसली होती. नाटिका सुरू झाली आणि दुसऱ्याच कुणाचा मुलगा डोक्याला टॉवेल गुंडाळून पुढे आला, आणि ती ओळ म्हणाला. छान म्हणाला. मी तुला आईच्या मांडीवर ठेवलं आणि उठलो. तिला वाटलं, पाणी प्यायला चाललोय. मी सरळ चालत डेपोत गेलो. कंट्रोलर म्हणाला, "अरे, आज तुझा सण ना? इथे काय करतोस?" मी म्हटलं, "गाडी द्या." जादा गाडी होतीच, चालक नव्हता. गाडी चालवताना माणसाला रस्त्याकडे बघावं लागतं. दुसरीकडे कुठे बघता येत नाही. मला तेवढंच हवं होतं.

तर ही गोष्ट आहे. त्यानंतर कुणीही माझ्यावर नाताळची ड्यूटी लादली नाही. ईस्टरचीही नाही. दर नोव्हेंबरात मी स्वतः कंट्रोलरच्या टेबलाशी जाऊन अर्ज लिहून द्यायचो की सणाच्या गाड्या मला द्या. डेपोतले लोक मला देवमाणूस म्हणायचे, कारण माझ्यामुळे त्यांना घरी राहता यायचं. आणि घरी येऊन मी चेहरा पाडून सांगायचो, "काय करणार, वरून हुकूम आलाय." तू एकदा, दहा-अकराची असताना, वरच्या साहेबाला पत्र लिहायला बसली होतीस. 'माझ्या बाबांना एक तरी नाताळ द्या.' मी ते पत्र पोस्टात टाकतो म्हणून घेतलं आणि टाकलं नाही. बायबलमध्ये ठेवलं. अजून तिथेच आहे. पापाची कबुली म्हणतात ती ही, पाळकांकडे कधी झाली नाही, तुझ्याकडे करतोय.

मला वाटायचं, मी माझं दुःख घराबाहेर नेऊन ठेवतो, घरात घाण नको. वरून स्वतःला शाबासकीही द्यायचो. तुझ्या आईने शेवटच्या आजारात, इस्पितळात, दुपारचं ऊन पायांवर आलं होतं तेव्हा, एकदम सहज म्हटलं, "अहो, तो अर्ज तुम्ही दरवर्षी स्वतःच लिहायचात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कंट्रोलरच्या बायकोने सांगितलं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही थांबला असता, आणि मोडला असता. पण मला त्या बाकावर बसायला सोबत हवी होती हो. दरवर्षी ती ओळ यायची, आणि ठमीचा हात किती दाबला जातोय ते मला कळायचं नाही." रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं. नंतर तिने उशी सरळ करायला सांगितली आणि परिचारिका आली.

म्हणजे ठमे, तुझा हात दुखायचा तो कशाने, ते आता कळलं असेल.

जावई गेल्याला तीन वर्षं झाली. तुम्हा दोघांची ओळखच तुमच्याकडच्या चर्चच्या गायनवृंदात झाली, त्यांचा तो खर्जातला आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांच्याशिवाय त्या चर्चमध्ये उभं राहून गाणं म्हणजे काय, हे मी तुला विचारणार नाही. मला माहीत आहे आणि माहीत नाही, दोन्ही. तीन वर्षं तू सांगतेस, "बाबा, रजा नाही," आणि मी तीन वर्षं विश्वास ठेवतोय. मी! ज्याने ही सबब सगळ्यात जास्त वापरली, त्याला ती ओळखता आली नाही.

परवा, तू कामावर असताना, चिंगीचा फोन आला. आधी दात पडल्याचं सांगितलं, मग मांजरीचं, मग म्हणाली, "आजोबा, यंदा पण आपला नाताळ अठ्ठावीसला." मी म्हटलं, स्टेशनवाले फार दुष्ट आहेत बघ. त्यावर ती आवाज बारीक करून म्हणाली, "आजोबा, नाताळच्या ड्यूटीला आईच नाव देते. मला कामावर नेलं होतं ना, तेव्हा मी तिला लिहिताना पाहिलं. पण मी बोलले नाही, तिला वाईट वाटेल." सात वर्षांचं पोर आहे, ठमे. म्हणून हे पत्र. तुझ्यावर रागवायला नाही, मला तो अधिकारच नाही. मी तेवीस तारखेच्या सकाळच्या गाडीने निघतोय, तिकीट काढलंय, खिडकीची जागा मिळाली. ड्रायव्हर कसा चालवतो ते बघत बसेन आणि तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करेन. यादीतून तू नाव काढ, काढता आलं नाही तर निदान सकाळची पाळी बदलून घे. आपण तिघं चर्चला जाऊ, हवं तर शेवटच्या बाकावर बसू. जावयांच्या आवडीचं गीत सुरू झालं आणि तुला सोसेनासं झालं तर ऊठ, बाहेर जा, मी 'कुठे चाललीस' म्हणून विचारणार नाही. फक्त मी आणि चिंगी तुझ्यामागून येऊ, आणि दाराबाहेर तिघं उभे राहू, गीत संपेपर्यंत.

तुझाच,
सणाला उशिरा का होईना, पण निघालेला
बाबा