दुकान वाढव

अक्का, आज दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि तू धणे भाजताना दिसलीस. म्हणजे आधी नुसता वास होता. पण या दुकानात वास आला की पाठोपाठ तू येतेसच. समुद्रावरचा वारा सुटण्याआधीची वेळ, जॉर्ज टाउनमधल्या हातगाड्यासुद्धा पेंगलेल्या. तू पदर खोचून कढईपुढे बसली आहेस, बाहेर हमाल तमिळमध्ये कोणाची तरी खोडी काढतायत आणि तू आतूनच त्यांना उत्तर देतेस. मी तुझी पोटची लेक, पण सगळी गल्ली अक्का म्हणायची म्हणून मीही अक्काच म्हणायला शिकले. जाग आली तेव्हा समोर गिऱ्हाईक हसत उभं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दुकानांत निजायचें तर उशाही विकायला ठेव गे."

तंजावरहून लग्न होऊन आलीस तेव्हा हे शहर मद्रास होतं. अप्पा बँकेत कारकून, बोलणं बेताचं. तू शेजारणींना मेतकूट आणि सांबाराची पोडी, म्हणजे मसाल्याची पूड, करून द्यायला लागलीस, त्याचं दुकान झालं, आणि त्या दुकानाच्या जिवावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली, आत्यांची लग्नं झाली, नातवंडं कंप्युटरवर बसायला लागली. तू मात्र तिथंच, कढईपुढे. भाजणीला तुला घड्याळ लागलं नाही. मिरचीची पहिली शिंक आली की कढई उतरवायची, हा तुझा नियम. एकदा मला सर्दी झालेली असताना मी हौसेनं कढईपुढे बसले. नाक चोंदलेलं, शिंक काही येईना, आणि सगळी गल्ली खोकत रस्त्यावर आली. "नाक घरीं ठेवून आलीस काय?" म्हणून तू चारचौघांत ओरडलीस. संध्याकाळी मिरीचं रसम पुढ्यात ठेवलंस आणि मी संपवेपर्यंत समोरून हलली नाहीस. तुझी माया ही अशीच, आधी पाठीत धपाटा आणि मग वाटी.

वहिनी आली ती साताऱ्याची. मोटारींच्या कारखान्यात नोकरीसाठी चेन्नईला आली आणि माझ्या धाकट्या भावाशी लग्न करून इथलीच झाली. तुझं तंजावरी मराठी ऐकताना ती बिचारी कान टवकारून बसायची. एका संध्याकाळी तू तिला म्हणालीस, "सेरी, बरें तर, आतां दुकान वाढव." तिनं मान डोलावली आणि तशीच बसून राहिली. पुढच्या आठवड्यात आराखडा घेऊन हजर! अंबत्तूरला शेड, दळणाचं यंत्र, रंगीत पाकिटं. तू कपाळाला हात लावलास.

"अय्यय्यो! दार लाव म्हटलें गे मी. तूं कारखानाच बांधून आलीस!"

"मग बंद कर म्हणायचं ना, अक्का!"

"भरल्या दुकानांत तो शब्द काढूं नये. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढतो. तसेंच दुकान."

"आमची आजीही म्हणायची असं," वहिनी ओशाळून म्हणाली, "पण आता कानावर पडत नाही हो." आपण तिघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. हसून झाल्यावर तू हळूच तो आराखडा मागून घेतलास. अंबत्तूरची शेड उभी राहिली ती अशी, एका शब्दाच्या घोटाळ्यातून, आणि आजही झकास चालली आहे.

म्हणूनच तुझं शेवटचं बोलणं मला छळत आलं. आम्ही दोघी उशाशी होतो. तू बराच वेळ छताकडे बघत होतीस, जणू तिथं कोणी ओळखीचं बसलं होतं. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणालीस, "आतां दुकान वाढव." कुणाला म्हणालीस, कळलं नाही. नंतर तू बोललीच नाहीस. वहिनीनं आपला अर्थ घेतला आणि शेड आणखी मोठी करायच्या कामाला लागली. मी माझा घ्यायचा तर हे जुनं दुकान तेव्हाच मिटायला हवं होतं. पण दोन अर्थांतला आपल्या सोयीचा उचलावा, हे मनाला पटेना. म्हणून इतकी वर्षं रोज शटर उघडत आले. गुडघे बोलायला लागले तरी उघडत आले. कोणी विचारलं तर म्हणायचे, अक्काचा शब्द आहे.

आता मालकाला ही इमारत पाडायची आहे. मागच्या गल्लीत नवी जागा देतो म्हणाला, नको असेल तर सोडा. वहिनी म्हणाली, "ताई, शेड मी बघते, पण दुकान अक्कांचं. तुम्ही म्हणाल तसं." परवा मालक विचारायला आला. मी तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे मुद्दाम पाहिलं नाही. "पोदुम," म्हटलं. पुरे. तमिळमध्ये म्हटलं, कारण त्या शब्दाला एकच अर्थ आहे. मालकच इतका दचकला की मलाच पाणी हवं का विचारू लागला.

महिनाअखेरपर्यंत दुकान उघडं आहे. मी ‘पोदुम’ म्हटल्यापासून घरात सगळे माझ्याशी दुखवट्यात असल्यासारखे हळू आवाजात बोलतात. वहिनी अंबत्तूरहून लवकर येऊन माझ्या आवडीचं काहीबाही करते. तुझी आठवण येते, अक्का, रोज येते, आणि या वयातही ती अंगावर येते. पण तुला लिहिलेले हे कागद वहिनीच्या हाती लागू द्यायचे नाहीत, आणि तुला तरी कुठे धाडू? काल सकाळी बसस्टॉपवर मी गुणगुणत उभी होते. मला पत्ताच नव्हता. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "घरी काही विशेष?" विशेष म्हणजे इथं लग्नकार्य.

मी हो म्हटलं.