मार्लिंगमच्या गाडीचे चार दिवे

टॅनर्स रो
१४ नोव्हेंबर १९११

प्रिय पर्सी,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. माझ्या स्वयंपाकघरात बसून ज्याने इतकी वर्षं डंपलिंग हादडली त्याला 'महोदय' लिहायला हात धजत नाही, आणि जे खरं लिहावंसं वाटतंय ते लिहिलं तर पाकीट वाटेतच पेट घेईल. तेव्हा प्रियच राहू दे.

आज सकाळी डॉली लार्टर आली होती. कडेवर एक, झग्याला धरून दोन. दारातच मटकन बसली. तिच्या नवऱ्याला, जेमला, कामावरून उतरवलंय, गुरुवारी चौकशी आहे, आणि निकाल काय लागणार ते शेडमधल्या मांजरालाही ठाऊक आहे. नोकरी गेली की रेल्वे कंपनीचं घरही गेलं. का, तर माझ्या नवऱ्याची, एबेनची, शवपेटी मार्लिंगमला नेणाऱ्या त्या रडतखडत जाणाऱ्या गाडीच्या इंजिनावर चार दिवे होते. राजाच्या गाडीवर लावतात तसे. बाकी कुठल्याही गाडीला चार दिवे लावायची छाती या देशात कुणाची नाही. आणि दिवे लावणं हे भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचं काम, म्हणून जेम गुन्हेगार. डॉली म्हणाली, "इन्स्पेक्टर हाउलेट सगळ्यांसमोर म्हणाले हो, लार्टरनेच लावले असणार, इंजिनावर दुसरं होतं कोण?"

इन्स्पेक्टर हाउलेट म्हणजे तूच की, पर्सी! हे ऐकल्यापासून माझं डोकं तापलंय. चहाची किटली उतू गेली तरी मी तशीच उभी होते.

तुला आठवतं का रे, तू स्वतः जेमच्या जागी होतास ते? माझा एबेन ड्रायव्हर आणि तू त्याचा फायरमन. इंजिन तेच, आपल्या 'बाईसाहेब'. वर्षातून दोन-चारदा राजाची गाडी ओढायची म्हणून तिचा तो थाट. आणि बाकीचं वर्ष? बाकीचं वर्ष बाईसाहेब बीटाच्या वाघिणी ओढायच्या, बाजारच्या दिवशी कोंबड्या-बदकं घेऊन निघालेल्या बायांना न्यायच्या, यार्मथची मासळी आणायच्या. एबेन घरी आला की आधी हेरिंगचा वास यायचा, मग तो. म्हणायचा, "केझाया, आज राजघराण्याची सेवा केली बरं का, फक्त राजघराणं बर्फात होतं."

आणि राजा यायचा झाला की तुम्हा लोकांची ती धावपळ! वरच्या थरातल्या कोळशाला चुना फासायचा, महाराजांच्या नजरेला काळं पडू नये म्हणून. फलाटाकडची बाजू आरशासारखी करायची आणि पलीकडची नुसती ओल्या फडक्याने पुसायची, कारण तिकडे बघतंय कोण! ही शक्कल तुझीच, पर्सी. एबेन हसला होता तेव्हा. मला नव्हतं आलं हसू. त्याच वेळी ओळखायला हवं होतं मी तुला.

ते चार पितळी दिवे मात्र एबेन शेडमध्ये ठेवायचाच नाही. घरी आणायचा, आणि घासायचे कुणी? मी. राख आणि व्हिनेगर लावून, बोटांची सालं निघेपर्यंत. राजाने त्या दिव्यांत कधी तोंड बघितलं असेल तर ते माझ्या मेहनतीत बघितलं. पण ज्या दिवशी ते लागायचे त्या दिवशी बाईसाहेबांवर एबेन नसायचा. लंडनहून धुतल्या तोंडाचा ड्रायव्हर यायचा, शेजारी तू, आणि एबेनला एका खटारा इंजिनावर बसवून पुढे पाठवायचे. एकटाच, मागे डबा नाही. रूळ उखडलाय का, पूल खचलाय का, ते बघायला. म्हणजे मरायचंच झालं तर आधी त्याने मरावं. तो यावरही विनोदच करायचा, "राजा माझ्या मागून येतो, कळलं का?" तुला महाराजांच्या हातून टायपिन मिळाली. त्याला काय मिळालं? पुढच्या वेळचं बोलावणं. पण तुझ्याबद्दल तो एक वावगा शब्द बोलला नाही. "पोरगं हुशार आहे, जाऊ दे पुढे," म्हणायचा. असा तो माणूस, आणि असा तू.

आता त्या दिवसाचं. एबेनला त्याच्या गावच्या मातीत जायचं होतं. गाडी तीच मिळाली, मागे मासळीचे रिकामे डबे असलेली. त्याने हसून कबूल केलं असतं. पुढे इंजिन कोणतं लागलं, तर बाईसाहेब. मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येणार नाही. सेजफेन जंक्शनचे बिचारे स्टेशनमास्तर मिस्टर बन यांना मात्र काही कळेना. राजाच्या गाडीची घंटा वाजलेली नाही, तार आलेली नाही, आणि समोरून चार दिवे येताहेत! त्यांना वाटलं, महाराज गुपचूप निघालेत. एक्स्प्रेस रोखून धरली. रेशमी टोपी घातली, दोन हमालांकडून लाल गालिचा उलगडून घेतला. गाडी थांबली तेव्हा गालिच्यासमोर आला तो एबेनचा डबा. बन टोपी काढून तसेच वाकलेले, आणि दाराच्या फटीतून मासळीचा वास. मी पुढच्या डब्यातून बघत होते. रडता रडता मला हसू फुटलं, पर्सी. जन्मभर ज्यांच्यापुढे धावला त्यांचा गालिचा एकदा तरी त्याच्या वाट्याला आला.

पण रोखलेल्या एक्स्प्रेसमध्ये कंपनीचे एक डायरेक्टर होते आणि त्यांचं सूप गार झालं. झालं, कुणाला तरी बळी द्यायलाच हवा.

तर हे पत्र का लिहिलं ते ऐक. गाडी सुटण्याआधी जेम आत भट्टीत कोळसा टाकत होता. आतून पुढचे दिवे दिसत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. ड्रायव्हर पेटीला खांदा द्यायला मागे गेला होता. दिवे मी शालीखाली घरून आणले होते. खालचे तीन मी लावले, माझ्या या दोन हातांनी. चौथा, धुराड्याखालचा, तिथे माझा हात पोचेना. टाचा उंचावून बघितलं, तरी नाही. तेव्हा मागून कुणीतरी तो माझ्या हातातून घेतला, चढला, आकड्यात अडकवला, स्वतःच्या काडीने पेटवला, आणि खाली उतरून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "मिसेस, हा त्याचा हक्कच होता." त्याच्या टायवर महाराजांची पिन होती. त्या क्षणी तुझे सगळे अपराध मी माफ केले होते, पर्सी. मला वाटलं, पलीकडची बाजूही चकचकीत निघाली या माणसाची.

दिवे माझ्या टेबलावर आहेत. पुन्हा घासलेत. गुरुवारी चारही टोपलीत घालून मी चौकशीला येणार आहे, आणि माझ्या तीन दिव्यांचं काय ते सांगणार आहे. मला नोकरीवरून काढता येत नाही, हा विधवा असण्याचा एकच फायदा. चौथ्याबद्दल मी तोंड उघडणार नाही. तो टेबलावर ठेवीन, तुझ्यासमोर, आणि सगळ्यांसारखी मीही तुझ्याकडे बघत बसेन.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
केझाया मॅलेट