प्रेसच्या तोंडाशी

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा थांबली! प्रेसच्या तोंडाशी ना हात, ना काही — तरी. माझ्या सेन्सरचं काम एवढंच: समोरून येणारा उजेड हाताने अडला की पत्रा कापणारी प्रेस बंद. पण त्या उजेडाचा सिग्नल इवलासा. अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो आणि सोबत आजूबाजूच्या विजेचा सगळा कचराही मोठा करतो; बोर्डाला वाटतं, हात आला. नॉइज! नुसता नॉइज!

ऑपरेटर भीमराज वैतागलाय. ‘मॅडम, तुमची लाइट लई भित्री हाय. उगंच थांबायली.’ काल पठ्ठ्याने वायर मारून सेन्सरच बायपास केला होता. मी उपटली ती. बोटं गेली म्हणजे?

सोमवारी कस्टमर बघायला येणार. मालक अर्जुनराव म्हणाले, ‘त्यांच्यासमोर उगाच थांबली, तर ऑर्डर विसरा.’

१२ नोव्हेंबर

तुपाचा डबा कापून बोर्डाला पत्र्याचं टोपण केलं. सासूबाई: ‘अगं, चांगला डबा होता तो!’ नॉइज कमी झाला. थोडाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कारखान्याचा सुट्टीचा वार, तरी चाकणला गेले. सगळीकडे सामसूम. प्रेस नुसती चालू ठेवली — स्क्रीनवर सिग्नलची रेघ एकदम स्वच्छ! टोपणानेच झालं की! लगेच अर्जुनरावांना फोन. स्वतःवर इतकी खूश, की परतताना ताथवड्यात दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली.

१४ नोव्हेंबर

कसलं काय! शिफ्ट सुरू झाली आणि नॉइज हजर. तोंडावर आपटले. आमच्या टीममधला निरंजन म्हणाला, ‘मोठा कपॅसिटर टाक ना, सगळं गप्प होईल.’ टाकला. झालं गप्प. अर्जुनराव: ‘शाब्बास, पूनम! आता हात लावू नकोस.’

मला चैन पडेना. काठीला काकडी बांधून प्रेसमध्ये घातली. भीमराज हसतोय, ‘कोशिंबीर करायलाव का मॅडम?’ प्रेस थांबली — पण काकडीचे दोन तुकडे झाल्यावर! कपॅसिटरने बोर्ड आळशी करून टाकलाय. भीमराजचं हसू गेलं. अर्जुनराव म्हणे, ‘सोमवार जाऊ दे, मग बघू.’ मग बघू? बोटं काय पुन्हा उगवतात? असली चीड आली!

१५ नोव्हेंबर

गुरुवारीच गप्प का होता? डोक्यात तोच भुंगा. अरे — सुट्टीला शेजारचं फॅब्रिकेशनही बंद असतं! धावत गेले. त्यांच्या वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा मधल्या जाळीतून येऊन आमच्याच प्रेसच्या पायाला लावलेला! म्हणजे त्यांच्या वेल्डिंगचा सगळा कचरा आमच्या बोर्डात! तिथले बरकतभाई निवांत. ‘ताई, तिथं अर्थ चांगला मिळतो ना, म्हणून लावतात पोरं.’ कपाळ माझं! आणि सुट्टीच्या दिवशी टेस्ट घेणारी मी मोठी शहाणी!

चिमटा हलवून घेतला. मोठा कपॅसिटर काढला. शेजारी वेल्डिंग चालू, तरी रेघ स्वच्छ. दुसरी काकडी अख्खी! अर्जुनरावांना सांगितलं नाही. सोमवारी चुकलं तर नोकरी गेलीच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कस्टमरसमोर थांबली. अर्जुनराव सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडले, ‘पुन्हा नॉइज!’ मी आधी स्क्रीन बघितली — रेघ स्वच्छ. मग प्रेसकडे बघितलं. वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला गेलेला भीमराजचा हात अजून आतच होता.